च-च-चकली

"नमस्कार मैत्रिणींनो, ही बघा आपली भाजणीची चकली!" सोऱ्यातून वेढे भराभर पडले आणि हेमांगी एकदम थबकली. 'चकली' म्हणताना जीभ अडली नव्हती.

'च' आला की ती लहानपणापासून अडखळायची. तशातच तिने धंद्यासाठी रोज एक रील टाकायला घेतली. मग काय, जावेच्या मुलीने भर हळदीकुंकवात तिची नक्कल केली, "च-च-चकली घ्या!" कुणीतरी त्याचा व्हिडिओ नेटवर टाकला आणि तो गावोगाव पोचला. लोक खऱ्या च-च-चकलीताईंना शोधत आले. ऑर्डरी आवरेनात. हेमांगी मात्र अपमान गिळून रोज ओट्यापाशी तोच एक शब्द घोकत राहिली होती.

"अहो, ऐकलंत?" तिचे डोळे भरून आले. "एकदाही अडखळले नाही!"

रील शूट करणाऱ्या नवऱ्याने मोबाइलवर ते पुन्हा ऐकलं आणि पुसून टाकलं.

"लोक त्याच्यासाठीच तर बघतात गं," तो मायेने म्हणाला. "परत घेऊ. जरा अडखळ की."

मुद्दाम अडखळणं तिला काही केल्या जमेना. तो वैतागला, शेवटी अंगावर ओरडला, तेव्हा कुठे त्याला हवं तसं झालं.

"झकास!" मोबाइल खिशात टाकत तो म्हणाला. "दमलीस ना? काय घेतेस, चहा की सरबत?"

तिला चहाच हवा होता.

"च... च-च..."

तो खळखळून हसला. "अगं, बंद केलाय आता मोबाइल!"