रिकामं टोक

"तू उतर इथेच. वल्हं मारत नाहीस, नुसती पुढे बसून राहतेस. एवढ्या वाऱ्यात हे ओझं कोण वाहणार?" बायकोला बेटावर सोडून तो एकटाच पलीकडच्या बेटावरचा तंबू आणायला निघाला. काल दोघांना घेऊन नाकासमोर चालणारी होडी आज हलकी असूनही ऐकेना. मागे तो बसलेला, पुढचं टोक अधांतरी. वारा ते गर्रकन फिरवी आणि होडी माघारी आणी. तीच होडी, तोच वारा, हातही तेच. चुकतंय कुठे, हेच त्याला कळेना.

तिसऱ्यांदा होडी तिच्या पायाशी येऊन टेकली. ती चपलेतली वाळू झटकत होती.

"पुढे एखादा धोंडा ठेवून बघा," ती म्हणाली. "माझ्याएवढा."