पडद्यामागचा स्पीकर

तान घेण्याआधी गायिका अर्धा सेकंद श्वास घेते. पडद्यामागच्या पहिल्या स्पीकरमधून तो श्वास जेमतेम ऐकू आला. दुसऱ्यातून ऐकताना ती समोरच बसल्यासारखी वाटली.

"दोन्हींवर गाणं एकच," वाशीतल्या शोरूमचे मालक देवधरकाका डोळे मिटून म्हणाले. "पण दुसरा माझा जर्मन, पैजेवर सांगतो. पहिला तू घरी बनवलेला, क्षिप्रा. छंद म्हणून ठीक आहे गं, पोरी."

क्षिप्राच्या नवऱ्याने, अभिरामने, पडदा सरकवला. दुसऱ्या स्पीकरच्या प्लायवूडवर क्षिप्रासाठी खोकं बनवताना दिघ्याच्या सुताराने पेन्सिलीने केलेली खूण अजून तशीच होती.

काका उठून उभेच राहिले. "किती जोड्या देशील?"

क्षिप्राच्या लॅपटॉपमध्ये तीन वर्षं नोकरीचा एक राजीनामा तारखेविना पडून होता.

"अभिराम," ती म्हणाली, "राजीनाम्यावर उद्याची तारीख टाकतेय मी."