भिंतीवरचा गुरुवार

सोनं गाळायच्या दुकानांपायी विश्वजितचे भाऊ पाच शहरांत पांगलेले. सगळ्यांची येणीजाणी कळावीत म्हणून त्यानं विट्याच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून सगळ्यांच्या फोनवर दिसेल अशा कॅलेंडरचा सर्व्हर उभा केला. उद्याच्या गुरुवारी लिहून पाहिलं, ‘चाचणी’.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, गुरुवारी पेन्सिलीनं तेच लिहिलेलं.

"आई, हे कुणी लिहिलं?"

"मला कुटं लिवता येतंय रं? आपण दोगंच हाय की घरात."

त्यानं तिथूनच फोनवरून सर्व्हरवरची नोंद पुसली. भिंतीवरचा गुरुवारही कोरा झाला. पुसता येतंय, एवढ्यावरच त्याला जरा धीर आला.

तेवढ्यात फोनवर कॅलेंडरची सूचना वाजली. गुरुवारी नवी नोंद आली होती, आणि ती काही केल्या पुसली जाईना. भिंतीवर अक्षरं उमटली: ‘विश्वजितला उठवू नका.’

"वाच की रं," आई म्हणाली, "काय लिवलंय?"