कपाट बांधलं तरी

ताम्हिणीचा घाट उतरताना मी जोरात ब्रेक दाबला की ट्रकमधून धाडकन आवाज येई. मागे हौद्यात कोकणातल्या लग्नाला निघालेलं माले गावचं वऱ्हाड होतं, नवरीसकट. “आंदणाचं कपाट आदळतंय, ड्रायवर,” शेजारी बसलेले नवरीचे मामा म्हणाले. कपाट दोरानं करकचून बांधलं. पुढच्याच वळणावर पुन्हा धाड! स्टिअरिंग हातातून दरीकडं ओढलं गेलं. ट्रक थांबवला, चाकांना दगड लावून खाली शिरलो. पुढची चाकं जागेवर धरणाऱ्या बोल्टांवर पाना ठोकला. उजवीकडचे ठणठणीत वाजले, डावीकडचे बद्द. “मुहूर्त टळंल, हळूहळू चालवा की!” मामा वाकून ओरडले. मी त्यांचा हात ओढून डावीकडच्या नटावर ठेवला. नट त्यांच्या बोटांतच निघून आला. मामा सावकाश उठले. हौद्याकडं बघत हलक्या आवाजात म्हणाले, “पोरींनो, एकेक करून उतरा. उडी कुणी मारायची न्हाई.”