नांदणारे मासे

टेंगणाही गेला होता.

केवलराम ड्यूटीवरून आला आणि बूट न काढताच काचपेटीपुढं उकिडवा बसला. सकाळी मिशा फेंदारून तळाशी पडलेला टेंगणा आता कुठंच नव्हता. वर चार कोतऱ्या तेवढ्या फिरत होत्या, सज्जनासारखं तोंड करून. खोलीत उदबत्तीचा धूर कोंडला होता. एका कोपऱ्यात आई, भीमाबाई, भिंतीकडं तोंड करून बसलेली. समोरच्या कोपऱ्यात बायको, जया, तिच्या भिंतीकडं तोंड करून. क्वार्टरला भिंती चार होत्या म्हणून बरं.

"आता याले कोनं खाल्लं?" केवलरामानं विचारलं.

"मासेच ते. एकमेकाले खानारच," भीमाबाई भिंतीला म्हणाली.

"खानारच," जयानं आपल्या भिंतीला सांगितलं.

केवलरामानं बूट काढले. बुटातून पाव शेर धूळ निघाली. त्या वर्षी भिलाईत कारखाना उभा होत होता, आणि धूळ अशी की सकाळी अंगणात लोटा विसरला तर संध्याकाळी खणून काढावा लागे. दिवसभर ती धूळ खायची, लोखंड वाहायचं आणि घरी येऊन या दोघींचा निवाडा करायचा. भांडण मिठावरून निघे आणि जयाच्या माहेरच्या लंगड्या बैलापर्यंत पोचे. केवलराम इतका थकून गेला होता की परवा जेवताना घास हातातच राहिला आणि तो बसल्याबसल्या घोरू लागला.

काचपेटीचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते रशियन साहेबांच्या क्लबात. तिथं तो खिडकीची चौकट बसवायला गेला होता. काचेच्या पेटीत नाना रंगांचे मासे. कोणी कोणाला धक्का देईना. केवलराम हातोडी विसरून पाहत राहिला. मुक्या जनावरांना जमतं ते माझ्या घरात का जमू नये? दोघी रोज समोर बसून पाहतील, काही शिकतील. मग त्यानं भंगारातल्या लोखंडी पट्ट्या मागून आणल्या, टाकाऊ काचा आणल्या, फटींत लांबी भरली, आणि जवळच्या मरोद्याच्या बाजारात मासळी विकणारी भागीरथा ढिवरीण गाठली.

भागीरथा वैनगंगेकडची, म्हणजे त्याच्या गावाकडचीच. तिनं समजावलं, "भाऊ, मासा तोंड पाहून निवडाचा. मोठ्या तोंडाचा लहान्याले गिळते. एक तळाशी राहनारा घे, एक वर फिरनारा घे, मंग जागेचं भांडन नाही. आन् लपाले दोन खापरं टाक. ज्याले लपाले जागा नाही, तो चावतेच."

केवलरामानं खापरं टाकली. तरी पहिल्याच आठवड्यात झिंगे गेले. त्यानं पेटीतल्या खोकशी माशावर आळ घेतला. तोंड मोठं तिचं. तिला परत तलावात सोडून आला. मग बारीक बाम गेली. मग हा टेंगणा. आता नुसत्या कोतऱ्या ठेवल्या, एका जातीच्या, एका मापाच्या, गाईहून गरीब. त्याही कमी होऊ लागल्या.

एरवी माणसाला मांजराचा तरी संशय आला असता. पण केवलराम माळकरी. वर्षापूर्वी क्रेनचा हूक कानाजवळून गेला तेव्हा त्यानं तुळशीची माळ घातली, आणि त्या दिवसापासून घरात मासळी शिजली नाही. मासा म्हणजे ताटातली वस्तू, हेच तो विसरून गेला होता.

शेवटची कोतरी एकटीच फिरताना पाहिली तेव्हा त्यानं हात टेकले. एका जातीचे मासे नांदत नाहीत, तिथं सासू-सून काय नांदणार? आईला गावी पोचवायचं. गावच्या घराचं छप्पर बसलेलं, आई म्हातारी, विहिरीवरून पाणी आणायलाही कोणी नाही. पण दुसरा इलाज नव्हता. शिफ्ट संपली की सांगायचं, असं ठरवून तो कामावर गेला.

दुपारीच क्रेन बंद पडली. गँगला सुट्टी मिळाली. केवलराम घरी आला तर दाराला आतून कडी. तो मागच्या बाजूला गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास आला, आणि हसणं आलं. त्यानं डोकावून पाहिलं. शेगडीपाशी दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. मध्ये एकच ताटली.

"मामीजी, हे तुमी घ्या. मोठं हाय."

"खा व तू, लेकी. पोराच्या माळेपायी वाळून चालली." भीमाबाईनं काटा काढून तुकडा सुनेच्या तोंडात घातला. "पेटीत आता एकबी नाही राह्यला."

"आनतीन ते. आज जरा जोरात भांडू."

"मिठावरून नोको. कालच झालं."

"मंग बैल काढा."

"पन हसजो नोको व, मागच्या बारीसारकी! गोडीनं दिसलो त कायले आनन तो मासे?"

केवलराम पावलं न वाजवता मागं सरला. तसाच मरोद्याला गेला. भागीरथेनं त्याला लांबूनच ओळखलं.

"कावून भाऊ, कोतऱ्याईचंबी नाही पटलं?"

केवलरामानं गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली.

"त्याईचं सोड, बाई. तळाले कोनते चांगले, ते दे. पन जिते दे. घरी भांडन चालू राह्यलं पाह्यजे."