किनाऱ्यावर कोण होतं?

न्यूझीलंडमधल्या टौरंगा गावच्या शाळेत एका जुन्या बालकादंबरीवर नाटक बसत होतं. जहाजाने तिथे येऊन वसलेल्या इंग्रज कुटुंबाची गोष्ट. त्यातली आई झाली होती वल्लरी.

"आणि तुझी मैत्रीण आरोहा?" घरी वल्लरीच्या आईने विचारलं.

"तिला रोलच नाही. ती माओरी ना, आणि बुकमध्ये इथले मूळचे माओरी लोकच नाहीयेत."

"मग जहाज लागलं तेव्हा किनाऱ्यावर कोण होतं?"

वल्लरीने दुसऱ्या दिवशी हेच बाईंना विचारलं. बाईंनी वही उघडून नाटकात एक प्रसंग वाढवला.

प्रयोगात वल्लरी नवरा, मुलं, पेटारे घेऊन तोऱ्यात जहाजातून उतरली. समोर कमरेवर हात ठेवून आरोहा उभी.

"किआ ओरा! या, या. पण आमच्या घरात यायचं तर बूट बाहेर!"

वल्लरीने निमूटपणे बूट काढले. पहिल्या रांगेतल्या तिच्या आईनेही.