जुना रिमोट

लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेमचा नवा भाग मी चंदनसारमधल्या आमच्या घरी आणला. नायक तोच होता, फक्त आता त्याला सावली पडत होती. पाचच्या रिक्षाने ताई नोकरीसाठी पुण्याला निघणार होती आणि त्याआधी आम्हाला गेममधली शेवटची दरी पार करायची होती.

एकवीस वेळा पडलो. दर वेळी उडी बोटभर कमी पडायची.

“विघ्नेश, उडी मारताना रिमोट वर उचल. विसरलास?”

“ताई, मी फिजिक्स शिकलोय. उडी बटणाने ठरते.”

“म्हणूनच पडतोयस, शास्त्रज्ञा.”

तिने माळ्यावरचं खोकं टेबलावर उतरवून त्यातून आमचा जुना रिमोट काढला. त्याची वायर त्याच्याभोवतीच गुंडाळलेली होती. मी बटण दाबलं, तिने तो रिमोट वर उचलला आणि नायक पार झाला.

खात्रीसाठी मी पुन्हा खेळलो. तिने रिमोट उचलला नाही तेव्हा पडलो, उचलला तेव्हा पार.

“लिही आता प्रबंध,” म्हणत ताईने रिमोट खोक्यात टाकला आणि हसत रिक्षात बसली.

तिला सोडून मी वर आलो. घरात कोणी नव्हतं. टेबलावरचं खोकं बोटभर वर उचललं गेलं आणि पडद्यावर नायकाने उडी मारली.